पहिला मान कोणत्या पिकाला?

अमेरिकेत दरवर्षी, बहुधा सप्टेंबर महिन्यात, एक बैठक भरते. तेथे मंत्र्यांची भाषणे होत नाहीत की कसले करारमदार होत नाहीत. वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर तिची बातमी येण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. कृषी विद्यापीठांतील शास्त्रज्ञ, विस्तार अधिकारी, फळे-भाजीपाला पिकविणारे शेतकरी आणि त्यांच्या संघांचे प्रतिनिधी दोनतीन दिवस एकत्र बसतात आणि एका लांबलचक यादीवर वाद घालतात. कोणाला पालकावरील केवड्यासाठी बुरशीनाशक हवे असते, कोणाला स्ट्रॉबेरीवरील कोळ्यासाठी औषध हवे असते, कोणाला पुदिन्यातील तणाचा बंदोबस्त करावयाचा असतो. अशा शेकडो मागण्या पुढे येतात. पैसा आणि मनुष्यबळ यांना मर्यादा असल्याने त्यांतील काही डझन मागण्यांनाच 'अ' दर्जा मिळतो आणि त्यांच्या अवशेष-चाचण्या पुढील वर्षीच्या हंगामात सार्वजनिक पैशातून सुरू होतात. बाकीच्यांनी वाट पाहावयाची, अथवा खर्चाची सोय अन्य मार्गाने करावयाची.

या यादीमागे जो प्रकल्प आहे त्याचे नाव मोठे रूक्ष आहे : आंतरविभागीय संशोधन प्रकल्प क्रमांक ४. तो १९६३ मध्ये सुरू झाला. दीर्घकाळ त्याचे मुख्यालय न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात होते. आता ते नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात आहे. देशाचे चार विभाग पाडून, विद्यापीठे आणि कृषिखाते यांच्या सहकार्याने त्याचे काम चालते. साठ वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या कामाकडे भारतात फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. तथापि फळे आणि भाज्या खाणाऱ्या व पिकविणाऱ्या प्रत्येकाशी ज्याचा संबंध आहे असा एक प्रश्न या प्रकल्पाने उघडपणे हाताळला आहे, आणि तो प्रश्न महाराष्ट्रातही तितकाच निकडीचा आहे.

प्रश्न असा. कोणतेही कीटकनाशक 'पिकांसाठी' म्हणून सरसकट मंजूर होत नाही. अमुक पिकावर, अमुक किडीसाठी, इतक्या प्रमाणात, अशी ती मंजुरी असते. भारतातही १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली हीच पद्धत आहे. शेतकऱ्यांच्या बोलण्यात तिला 'लेबल क्लेम' हा शब्द रुळला आहे. ही मंजुरी मिळविण्यासाठी ते औषध त्या पिकात किती उतरते आणि किती दिवसांत विरते, याचा शास्त्रीय पुरावा द्यावा लागतो. पुरावा गोळा करण्याचा खर्च साहजिकच उत्पादक कंपनीने करावयाचा असतो. कापूस, भात, सोयाबीन, मका अशा पिकांच्या बाबतीत हा खर्च विक्रीतून भरून येतो. परंतु दोडके, पडवळ, शेवगा, अंजीर, नागवेल किंवा अळू यांच्यासाठी कंपनीने तो का करावा? बाजारपेठ लहान, नफा थोडा, आणि पिकाची हानी झाली तर भरपाईचे झंझट मात्र मोठे. कंपनीचा हा हिशेब व्यापाराच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्याचा परिणाम असा होतो की, ज्या पिकाचे क्षेत्र थोडे, त्याला कायद्याच्या चौकटीत बसणारे औषधच उरत नाही.

अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याने 'लहान वापर' या संज्ञेची जी व्याख्या केली, तीत तीन लाख एकरांपेक्षा कमी क्षेत्रावर घेतल्या जाणाऱ्या पिकाचा समावेश होतो. ही मर्यादा पाहिली तर लहान पिके खरोखर किती 'लहान' आहेत याचा उलगडा होतो. फळे, भाज्या, मसाले, औषधी वनस्पती, सुकामेवा असे ताटातील बहुतेक सारे त्यांत येते. नकाशावर ती ठिपक्यांएवढी दिसतात हे खरे. परंतु माणसाच्या आहाराला चव आणि पोषण देणारी पिके नेमकी हीच आहेत. शिवाय यांतील पुष्कळशी कच्ची किंवा सालीसकट खाल्ली जातात. गव्हासारखे त्यांचे दळण-भाजणे होत नाही. म्हणजे ज्या पिकांतील अवशेषांची माहिती सर्वाधिक हवी, त्यांच्याच बाबतीत ती सर्वांत कमी असण्याचा संभव अधिक.

कायद्यात औषध नाही म्हणून कीड थांबत नाही. दोडक्यावर फळमाशी पडली की शेतकरी कृषिसेवा केंद्रात जातो. टोमॅटोसाठी किंवा वांग्यासाठी जे औषध चालते तेच त्याच्या हाती ठेवले जाते. किती मारावे, तोडणीपूर्वी किती दिवस थांबावे, हे त्या पिकासाठी कोणीच मोजलेले नसते. त्यामुळे ते सांगावयाचे तरी कोणी? टोमॅटोवर ठरलेला प्रतीक्षा कालावधी रोज वाढणाऱ्या आणि एक दिवसाआड तोडल्या जाणाऱ्या वेलभाजीला लागू पडेलच असे नाही. पानांचा आकार, फळाची साल, वाढीचा वेग यांवर अवशेषांचे प्रमाण अवलंबून असते. अशा वेळी शेतकऱ्याला बेजबाबदार ठरविणे सोपे आहे. वस्तुतः जे मोजणे समाजाचे काम होते ते समाजाने केलेले नाही, आणि त्या न केलेल्या कामाचा दोष मात्र फवारणाऱ्याच्या माथी मारला जातो.

अवशेष-चाचणी म्हणजे काय हे लक्षात घेतले, म्हणजे हे काम एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे का आहे ते कळते. निरनिराळ्या हवामानाच्या ठिकाणी त्या पिकाचे वाफे निवडावे लागतात. शिफारस करावयाची असेल ती जास्तीत जास्त मात्रा, जास्तीत जास्त वेळा आणि कमीत कमी अंतराने फवारावी लागते, कारण सर्वांत वाईट स्थितीत काय घडते तेच पाहावयाचे असते. शेजारी न फवारलेला वाफा तुलनेसाठी राखावा लागतो. ठरलेल्या दिवशी तोडणी करून नमुने लगेच गोठवून प्रयोगशाळेत न्यावे लागतात. तराजूची अचूकता, फवारणी यंत्राचा प्रवाह, शीतपेटीचे तापमान या सर्वांची नोंद करून तिच्यावर सही करावी लागते. त्यानंतर विश्लेषण, अहवाल, आणि मग पर्यावरण संरक्षण संस्थेपुढे मर्यादा ठरविण्याची विनंती. या साऱ्याला काही वर्षे लागतात. तेव्हा आज जो क्रम ठरेल त्याचे फळ चारपाच हंगामांनंतर हाती येते, आणि आज जे पीक यादीतून वगळले जाईल त्याची उणीवही तितकीच वर्षे टिकते. वार्षिक अग्रक्रम ठरविण्याला जे महत्त्व आहे ते यामुळे.

अमेरिकेतील पद्धतीत तीन गोष्टी विशेष उल्लेखनीय आहेत. पहिली अशी की, मागणी शेतकरी करू शकतो, त्याचा संघ करू शकतो, विद्यापीठातील शास्त्रज्ञ करू शकतो. औषध बनविणाऱ्या कंपनीला मात्र ती करता येत नाही. कंपनीची संमती लागते, कारण लेबल अखेर तिचेच असते. परंतु गरज कोणाची आहे हे सांगण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. दुसरी अशी की, मागणीची छाननी उघडपणे होते. किडीने नुकसान किती होते, दुसरा उपाय उपलब्ध आहे काय, मित्रकीटकांना धक्का न लावता हे औषध वापरता येईल काय, जुन्या औषधांना कीड दाद देईनाशी झाली आहे काय, हे प्रश्न सर्वांसमक्ष विचारले जातात. तिसरी म्हणजे पिकांचे गट. प्रत्येक पिकाची वेगळी चाचणी करणे कोणत्याही देशाला परवडणार नाही. म्हणून संत्रे, लिंबू आणि ग्रेपफ्रूट यांच्या चाचण्यांवरून लिंबूवर्गीय फळांच्या संपूर्ण गटासाठी मर्यादा ठरविता येते. प्रातिनिधिक पिकाची निवड विचारपूर्वक केली, तर एका चाचणीच्या आधारावर अनेक लहान पिकांचा प्रश्न सुटतो.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे मात्र नव्हे. ज्या पिकाचा संघ बलवान, त्याचे प्रतिनिधी तयारीनिशी बैठकीला येतात आणि आपले म्हणणे पटवून देतात. ज्या पिकाला संघ नाही, विमानाचे तिकीट काढून माणूस पाठविण्याची ऐपत नाही, त्याची मागणी वर्षानुवर्षे 'ब' दर्जात पडून राहू शकते. पदरचा पैसा आणणाऱ्याची मागणी वरच्या दर्जात चढू शकते, हाही त्यातला एक भाग. लोकशाहीत जो दोष मतपेटीत असतो तोच येथेही आहे : ओरडणाऱ्याचे ऐकले जाते. तरीही तेथे यादी उघड आहे; कोणते पीक मागे राहिले ते कोणालाही दिसते आणि त्याबद्दल जाब विचारता येतो. बंद दाराआड ठरणाऱ्या क्रमापेक्षा उघड्यावर ठरणारा सदोष क्रम केव्हाही बरा, कारण तो सुधारता येतो.

भारतातील स्थिती याच्याशी ताडून पाहिली तर एक चमत्कारिक विसंगती आढळते. येथे प्रयोगशाळांचा दुष्काळ नाही. कीटकनाशकांच्या अवशेषांवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन १९८४ पासून सुरू आहे आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ त्याचे एक केंद्र आहे. देशभरच्या बाजारांतून नमुने घेऊन अवशेष तपासण्याची राष्ट्रीय योजना २००५-०६ पासून राबविली जात आहे. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा निर्यातीच्या कामासाठी नावाजलेली आहे. म्हणजे मोजणारे हात आहेत, यंत्रे आहेत, आणि अनुभवही आहे. परंतु यांतील बराचसा खटाटोप फवारणी झाल्यानंतरचा आहे. बाजारात आलेल्या भाजीत काय सापडले ते सांगणे हे त्याचे स्वरूप. कोणत्या पिकासाठी कोणत्या औषधाची चाचणी आधी व्हावी, हे दरवर्षी शेतकऱ्यांना विचारून, उघडपणे ठरविण्याची रूढ प्रथा मात्र येथे नाही. चोर पकडण्याची सोय आहे, पण प्रामाणिक माणसाला चालण्यासाठी रस्ता बांधलेला नाही, असा हा प्रकार आहे.

या उणिवेची किंमत किती पडते हे महाराष्ट्राच्या द्राक्ष बागायतदारांनी दोनदा अनुभवले आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मर्यादेहून अधिक अवशेष आढळले. त्यातून निर्यातीच्या द्राक्षांसाठी अवशेष तपासणीची योजना जन्मास आली आणि २००३-०४ च्या हंगामापासून ती अमलात आली. पुढे २००६ पासून प्रत्येक बागेची नोंद संगणकावर ठेवली जाऊ लागली. ही व्यवस्था उत्तम चालली असतानाच २०१० मध्ये दुसरा तडाखा बसला. वेलीची अनावश्यक वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड हे संजीवक युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत सापडले. तेथील मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. ज्या द्रव्यांची तपासणी करावयाची त्यांच्या यादीत या एका द्रव्याचे नाव नव्हते. बागायतदारांनी सांगितलेले सारे नियम पाळले होते, प्रयोगशाळांनी सांगितलेल्या साऱ्या तपासण्या केल्या होत्या. तरी शेकडो कंटेनर परदेशी बंदरांत अडकून पडले. एखादी यादी कशी तयार होते, तीत कोणाला बोलता येते आणि ती केव्हा पुन्हा तपासली जाते, हा कारकुनी तपशील नसून कित्येक संसारांच्या वर्षभराच्या मिळकतीचा प्रश्न आहे, हे त्या हंगामाने दाखवून दिले.

द्राक्षाने त्यातून धडा घेतला. द्राक्षावर चालणाऱ्या औषधांची, त्यांच्या मात्रेची आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधीची यादी दर हंगामात प्रसिद्ध होते आणि बागायतदार ती बारकाईने वाचतात. पण हे द्राक्षाला जमले, कारण द्राक्षामागे निर्यातीचे परकी चलन, बागायतदारांचा जागरूक संघ आणि स्वतंत्र संशोधन केंद्र उभे आहे. शेवग्यामागे कोण आहे? पुरंदरच्या अंजिरामागे, मेथी-शेपूच्या जुडीमागे, आठवडी बाजारात पाटीभर कारली घेऊन बसणाऱ्या बाईमागे कोण आहे? परदेशी गिऱ्हाइकाने खावयाच्या द्राक्षाची जितकी काळजी घेतली जाते, तितकी गावच्या शाळकरी मुलाच्या डब्यातील भाजीची घेतली जात नाही, ही गोष्ट कोणत्याही सुसंस्कृत समाजाला भूषणावह नाही.

त्यातच अन्नसुरक्षेच्या नियमांनी पेच अधिक घट्ट केला आहे. ज्या औषधाची त्या पिकासाठी मर्यादाच ठरलेली नाही, तेथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू करण्याचे तत्त्व युरोपने स्वीकारले आणि भारताच्या नियमांतही ते आले. शंभर टन मालात, म्हणजे दहा टनी दहा मालमोटारींत मिळून, अवघा एक ग्रॅम असे हे प्रमाण आहे. ग्राहकाच्या दृष्टीने ही सावधगिरी योग्यच होय. परंतु हा आकडा त्या पिकातील धोक्याचे मोजमाप करून आलेला नाही. माहिती नाही म्हणून घातलेले ते कुंपण आहे. माहिती मिळविण्याची सोय न करता नुसते कुंपण घालणे म्हणजे लहान पिकाच्या शेतकऱ्याला कायमचा गुन्हेगार ठरविणे होय. कुंपण राहावे, पण त्याला दारही हवे. आणि ते दार अवशेष-चाचणीतूनच उघडते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. चाचण्या वाढल्या की मंजुऱ्या वाढणार, मंजुऱ्या वाढल्या की विषाचा वापर वाढणार. मग सरकारी पैशातून कंपन्यांसाठी बाजारपेठ कशाला उभारावयाची? ही शंका गैर नाही. परंतु आज जे घडते आहे ते विषमुक्त शेती नसून अंधारातली फवारणी आहे. चाचणीचा निष्कर्ष नेहमी होकारार्थीच असतो असेही नाही. एखादे औषध त्या पिकात फार काळ टिकते असे आढळले, तर त्याला नकार देण्यास आधार मिळतो. शिवाय कोणत्या द्रव्यांना अग्रक्रम द्यावयाचा हे समाजाच्या हाती राहते. अमेरिकेच्या याच प्रकल्पात जैविक कीडनाशकांच्या मंजुरीचे काम १९८२ पासून चालू आहे. जुन्या, जहाल द्रव्यांच्या जागी कमी घातक द्रव्ये आणणे, प्रतीक्षा कालावधी अल्प असणारी औषधे रोज तोडल्या जाणाऱ्या भाज्यांसाठी निवडणे, हे सारे अग्रक्रमाच्या निकषांतच घालता येते. निकष शेतकरी आणि ग्राहक यांनी मिळून ठरविले नाहीत, तर ते विक्रेता ठरवील, एवढाच काय तो पर्याय आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याचे उत्तर महाराष्ट्रापुरते तरी अवघड नाही. अमेरिकेने चार विभाग पाडले. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आधीपासूनच आहेत. कोकणातील कोकम आणि विदर्भातील संत्रे यांचे प्रश्न वेगळे आहेत, आणि ते जाणणारी माणसे त्या त्या ठिकाणी आहेत. प्रत्येक विद्यापीठाने वर्षातून एकदा आपल्या विभागातील शेतकऱ्यांना, विस्तार कर्मचाऱ्यांना आणि ग्राहक संघटनांना बोलवावे. मागण्या लेखी घ्याव्यात. निकष जाहीर करावेत. आणि राज्यस्तरावर दहा-पंधरा चाचण्यांची यादी ठरवून ती मराठीत प्रसिद्ध करावी. बाजार समित्या शेतमालावर जो उपकर घेतात त्यातील अल्पसा अंश या कामाकडे वळविता येईल. नोंदणीचा निर्णय केंद्राच्या समितीकडेच राहील. पण तिच्यापुढे जाणारा पुरावा कोणत्या पिकाचा असावा हे सांगण्यापासून राज्याला कोणी अडविलेले नाही. युरोपनेही लहान वापरांच्या समन्वयासाठी २०१५ मध्ये पॅरिस येथे स्वतंत्र केंद्र उभारले, यावरून या प्रश्नाचे महत्त्व संपन्न देशांनाही उशिरा का होईना पटले असे दिसते.

अशा यादीत काही जागा मुद्दाम राखून ठेवाव्या लागतील. ज्या पिकाला संघ नाही, निर्यात नाही, वजनदार पुढारी नाही, पण जे लाखो घरांत शिजते, अशा पिकासाठी दरवर्षी निदान दोनतीन चाचण्या राखीव असाव्यात. एरवी द्राक्ष, डाळिंब आणि आंबा हेच यादी व्यापतील आणि आठवडी बाजारातील कारले पुन्हा तळाशी जाईल. अमेरिकेच्या अनुभवातून घ्यावयाचा हा धडा तिच्या यशाइतकाच मोलाचा आहे.

विज्ञानाचे प्रश्न तज्ज्ञांनी सोडवावयाचे हे खरे. एखादे औषध किती दिवसांत विरते हे बहुमताने ठरत नाही. परंतु कोणता प्रश्न आधी सोडवावयाचा, हा निर्णय केवळ तज्ज्ञांचा नाही. तेथे कोणाच्या ताटाची आणि कोणाच्या शेताची काळजी आधी वाहावयाची, याची निवड असते. ही निवड आजही होतच आहे. फक्त ती कोणी न बोलता, विक्रीच्या आकड्यांवरून होते. ती बोलून, लिहून आणि चारचौघांत व्हावी, एवढीच अपेक्षा आहे. तसे झाले तर पाटीभर कारली घेऊन बसणाऱ्या बाईला, शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला खरे उत्तर देता येईल. आज तिने कितीही प्रामाणिकपणे दिवस मोजून सांगितले, तरी ते पुरेसे आहेत की नाहीत हे तिलाही ठाऊक नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही.